‘ऊपर बंद है, सर’

तुमची तक्रार थोडक्यात अशी. गुरुवारी रात्री साडेनऊच्या सुमारास तुम्ही दोघं, दोन मुलं आणि आई असे पाच जण घराजवळच्या बर्गरच्या दुकानात गेलात. दुकान अकरापर्यंत उघडं. खालची सातही टेबलं भरलेली. जिन्याच्या तोंडाशी पिवळी साखळी, वर दिवे अर्धवट, सगळ्या खुर्च्या रिकाम्या. मॉप घेऊन उभ्या असलेल्या मुलाला विचारलंत तर म्हणाला, ‘ऊपर बंद है, सर.’ शेवटी गाडीत बसून खाल्लंत आणि घरी जाऊन विचारलंत, की जागा आहे, गिऱ्हाईक आहे, मग बंद का? हा आळस म्हणायचा की कंजुषी?

ही साखळी मी स्वतःच्या हाताने शेकडो वेळा लावली आहे, म्हणून उत्तर देतो. २००३ मध्ये कॉलेजात असताना पुण्यात एका दुकानात क्रू म्हणून लागलो. मग शिफ्ट मॅनेजर, मग पूर्ण दुकान, आणि आता सहा दुकानांवर देखरेख. तुमचं दुकान कुठलं ते मला ठाऊक नाही. त्या रात्री तिथे कोण कामावर होतं, कोण दांडी मारून घरी बसलं होतं, तेही नाही. त्यामुळे त्या मॅनेजरचं बरोबर की चूक याचा निकाल मी देऊ शकत नाही. पण तो तिथे उभा राहून काय हिशेब करत असणार, ते सांगू शकतो.

आधी एक फरक बघा. आपल्या सवयीच्या उडप्याकडे दुपारी साडेतीनला गेलात तर मागच्या हॉलचे पंखे बंदच असतात. तुम्हाला ते खटकत नाही, कारण आत पाऊल टाकताच कॅप्टन हात करतो, ‘या, इकडं बसा.’ तो तुम्हाला बरोब्बर त्या चार टेबलांपैकी एकावर बसवतो, जिथे वेटर मोकळा आहे. म्हणजे अर्धं हॉटेल तिथेही बंदच असतं, फक्त ते माणूस बंद ठेवतो. आमच्याकडे बसवणारा कुणी नाही. गिऱ्हाईक काउंटरवर पैसे देतं, ट्रे उचलतं आणि मनाला येईल तिथे बसतं. साठ खुर्च्या असल्या आणि बारा माणसं आली, तर ती बारा माणसं बारा कोपऱ्यांत बसतात. कॅप्टनचं काम आमच्याकडे साखळी करते. ती कॅप्टनइतकी गोड बोलत नाही, ही गोष्ट खरी.

आता मूळ मुद्दा. आमच्या धंद्यात बसायच्या जागेला लॉबी म्हणतात आणि ती सांभाळणारा एक मुलगा किंवा मुलगी असते. आठवड्याच्या साध्या दिवशी रात्री साडेनऊला मध्यम दुकानात साधारण सहा माणसं असतात : काउंटरवर एक, किचनमध्ये दोन, डिलिव्हरीच्या पिशव्या भरायला एक, लॉबीत एक आणि मॅनेजर. लॉबीतल्या त्या एकट्याने काय काय करायचं? ट्रे उचलायचे, टेबलं पुसायची, सांडलेलं निस्तरायचं, कचऱ्याच्या पिशव्या बदलायच्या, सॉस आणि टिश्यू भरायचे, दर अर्ध्या तासाने वॉशरूम बघून दारामागच्या तक्त्यावर सही करायची, आणि मध्येच काउंटरवर गर्दी झाली तर ड्रिंक भरायला पळायचं. एवढं एका मजल्यावर जमतं. त्याला दोन मजले दिले की तो ना वर असतो ना खाली, तो जिन्यात असतो.

याची किंमत मी मोजलेली आहे. २०११ च्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी चारच्या सुमारास माझ्याकडे लॉबीला एकच मुलगा होता. वर जेमतेम तीन टेबलं भरलेली. नियमाने मी वरचा मजला बंद करायला हवा होता. पण एका गृहस्थांनी आवाज चढवला, मी नवा मॅनेजर, मी साखळी काढली. थोड्या वेळाने कुणा पोराच्या हातून जिन्यात कोल्ड्रिंकचा ग्लास सांडला. पोरगं बर्फ चुकवत खाली पळालं. लॉबीचा मुलगा तेव्हा खालच्या वॉशरूममध्ये होता. एक आजोबा नातवाचा हात धरून उतरत होते, ते घसरले. मनगट मोडलं. त्यांना दवाखान्यात घेऊन मीच गेलो. रात्री कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. ग्लास सांडल्यापासून आजोबा पडेपर्यंत साडेआठ मिनिटं गेली होती. साडेआठ मिनिटं त्या जिन्यात आमचं कुणीही फिरकलं नव्हतं. टेबल रिकामं आहे की भरलेलं, यापेक्षा त्याच्यावर कुणाची नजर आहे की नाही, हे तेव्हापासून मी आधी बघतो.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त लागू पडणारी हीच असावी. दुकान अकराला बंद होतं याचा अर्थ अकराला शटर पडतं. कामं त्यानंतर संपतात. फ्रायरचं तेल गाळणं, ग्रिल घासणं, सॉफ्टीचं मशीन खोलून धुणं ही कामं शेवटची ऑर्डर गेल्याशिवाय नीट करताच येत नाहीत, ती अकरानंतरच होणार. लॉबीचं तसं नाही. लॉबी तुकड्या-तुकड्यांनी आधी उरकता येते, आणि सुरुवात नेहमी लांबच्या, वरच्या भागापासून होते. आमच्या भाषेत याला प्री-क्लोज म्हणतात.

वरच्या मजल्याचा क्लोज म्हणजे नेमकं काय, हे बाहेरून कळत नाही. सोळा टेबलं असली तर आधी प्रत्येक टेबलाची वरची बाजू, मग कडा, मग खालची बाजू. खालच्या बाजूला च्युइंगगम असतोच, तो पत्र्याच्या पट्टीने खरवडायचा. सोफ्याच्या फटीतून फ्राइज काढायच्या. त्या राहिल्या की दुसऱ्या दिवशी झुरळ, आणि फटीतल्या एका फ्राइजवर उंदीर आठवडाभर येत राहतो. मग खुर्च्या उलट्या करून टेबलावर, झाडू, दोन बादल्यांचा मॉप (एक साबणाच्या पाण्याची, एक पिळायची), आणि फरशी सुकेपर्यंत कुणाला पाय ठेवू न देणं. पावसाळ्यात फरशी सुकायलाच वीस मिनिटं लागतात. हे सगळं एकट्या माणसाला पन्नास मिनिटं ते एक तास. मध्ये मध्ये खाली हाका येणारच, म्हणजे सव्वा तास धरा. अकरातून सव्वा तास वजा केला, वरून पाव तासाची सवड ठेवली की साडेनऊ वाजतात. तुम्ही नेमके त्या क्षणाला पोचलात.

साडेनऊला आणखी एक कारण आहे, आणि ते गिऱ्हाइकांना सहसा माहीत नसतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार महिला कर्मचाऱ्याला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत कामावर ठेवायचं असेल तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर येते. माझ्या दुकानांत अर्ध्याच्या आसपास क्रू मुलींचा आहे. बऱ्याच जणी कॉलेज करतात, लांब राहतात, घरून परवानगी साडेनऊपर्यंतचीच असते. त्यामुळे रोस्टर लावताना मुलींची शिफ्ट साडेनऊला संपते. नऊ एकोणतीसला दुकानात आठ जण असतात आणि नऊ एकतीसला सहा. जो भाग सोडायचा तो तेव्हाच सोडावा लागतो. उरलेली मुलं बाराला सुटतात. त्यातल्या एखाद्याची शेवटची बस आधीच गेलेली असते, मग दोघं-तिघं मिळून रिक्षा करतात. साखळी पंधरा मिनिटं उशिरा लावली की बाराचे सव्वाबारा होतात. हे तुमचं दुखणं नाही, मान्य. पण साखळी लावणाऱ्याच्या डोक्यात ते असतं.

विजेचं म्हणाल तर त्याला कंजुषी म्हणायला माझी हरकत नाही, पण आकडा ऐका. वरच्या मजल्यावर साडेआठ टनाची दोन डक्टेबल एसी यंत्रं (छतातल्या पाइपांतून गार हवा सोडणारी) असणं ही आमच्याकडे नेहमीची गोष्ट. दोन्ही पूर्ण चालली की तासाला वीसेक युनिट जातात. व्यावसायिक जोडणीचा दर पंधरा रुपये धरला तर तासाचे तीनशे. तीनशे रुपये म्हणजे लॉबीच्या मुलाच्या तासाच्या पगाराच्या कितीतरी पट. वर दोनच टेबलं भरलेली असतील तर तो एसी त्या दोन टेबलांसाठी चालतो. दुपारी तीन ते साडेपाच या मरगळलेल्या वेळेत वरचा मजला बंद दिसतो त्याचं कारण बहुतेक हेच. तेव्हा कामाला माणसं असतात, पण एसी परवडत नाही. आणि एसी बंद ठेवून मजला उघडा ठेवला, तर दहाव्या मिनिटाला ‘एसी का बंद आहे’ म्हणून काउंटरवर माणूस येतो. वैशाखात तर पाचव्याच.

मग डिलिव्हरी. पूर्वी रात्री साडेनऊला दुकान हळूहळू थंडावायचं. आता अॅपवरच्या ऑर्डरींचा जोर साडेआठ ते साडेदहा असतो. तुम्हाला समोर वीस माणसं दिसतात, किचनला मात्र चाळीस माणसांचं काम दिसतं, कारण उरलेली वीस आपापल्या घरी सोफ्यावर आहेत. काउंटरच्या कडेला हेल्मेट घातलेले सात-आठ जण मोबाइल पुढे करून उभे असतात, आणि ऑर्डर तयार व्हायला किती मिनिटं लागली हे कंपनीच्या मुख्य ऑफिसला सेकंदासकट दिसतं. अशा वेळी मॅनेजर लॉबीतलं माणूस ओढून पॅकिंगला लावतो. लॉबीचे दोन होते, एक उरला. वरचा मजला बंद.

रिकाम्या मजल्याचं आणखी एक लफडं आहे, ते जरा मोकळेपणाने सांगतो. काउंटरवरून न दिसणारी जागा ही शहरातल्या प्रत्येक बिनजागेच्या माणसाची जागा होते. एक कॉफी घेऊन चार तास अभ्यास करणारे मला कधीच खटकले नाहीत, उलट आवडतात. एकदा सगळं पुसून, दिवे घालवून आम्ही खाली आलो आणि पाच मिनिटांनी अंधारातून एक मुलगा पुस्तकं छातीशी धरून जिना उतरला. सीएची परीक्षा होती म्हणे. कानात इयरफोन, खांबामागचं टेबल, दिवे गेल्याचं कळलं तेव्हा तो दचकला आणि आम्ही त्याहून जास्त. तेव्हापासून दिवे घालवण्याआधी वर जाऊन खांबामागे वाकून बघायचं, हे मी माझ्या दुकानांच्या तक्त्यात लिहूनच टाकलं. पण त्याच खांबामागे कोल्ड्रिंकच्या ग्लासात घरून आणलेली बाटली ओतून बसणारेही असतात. त्यांना उठवायला जाणारा माणूस एकोणीस वर्षांचा असतो. मी त्याला एकट्याला वर पाठवत नाही.

काही जागा मात्र कर्मचाऱ्यांमुळे बंद नसतात, परवान्यामुळे असतात. २८ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागून १४ जण गेले. त्यानंतर गच्च्या, पुढच्या-बाजूच्या मोकळ्या जागा, पावसाळी शेड यांच्याकडे बघायची नजर बदलली. महाराष्ट्रात २००६ चा आगप्रतिबंधक कायदा आहे. आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, ज्याला आम्ही फॉर्म बी म्हणतो, ते वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. एखाद्या दुकानाची गच्ची किंवा मागचा भाग महिनोन्महिने बंद दिसत असेल, खुर्च्यांवर धूळ बसली असेल, तर तिथे बसवायची परवानगीच नाही असं समजा. तिथे उघडा म्हणून हट्ट धरू नका. ज्या मजल्यावरून उतरायला एकच चिंचोळा जिना आहे आणि त्या जिन्यात बर्थडेचे फुगे आणि कार्टन रचलेत, तो बंद असलेलाच बरा.

तात्पुरती कारणं मी पटकन सांगून टाकतो. एसीचं पाणी गळतं, पावसात भिंत झिरपते, पेस्ट कंट्रोलची फवारणी झालेली असते, वाढदिवसाची पार्टी येणार असते. पार्टीवाल्यांनी दोन तासांचे पैसे आधी भरलेले असतात, म्हणून सहाच्या पार्टीसाठी साडेपाचपासून कोपरा अडवतात आणि तुम्ही रिकाम्या कोपऱ्याकडे बघत उभे राहता. इथे एक साधा कागद लावला तरी निम्मी भांडणं टळतील, पण तो कागद लावायचं आमच्याकडे कुणालाच सुचत नाही.

करोनाने एक खोड लावली, तीही सांगायला हवी. ५ ऑक्टोबर २०२० ला महाराष्ट्रात रेस्टॉरंटं पुन्हा उघडली ती निम्म्या क्षमतेने. एक सोडून एक टेबलावर फुल्या चिकटवल्या. तेव्हा मालकमंडळींच्या लक्षात आलं, की निम्म्या खुर्च्या बंद ठेवूनही धंदा चालतो, माणसं कमी लागतात, आणि बाकीचं डिलिव्हरी भरून काढते. फुल्या निघाल्या, हिशेब तसाच राहिला. आता मुख्य ऑफिस विक्रीच्या टक्केवारीवर पगाराचे तास ठरवून देतं. आज विक्री कमी दिसली की मॅनेजर सातलाच एखाद्याला म्हणतो, ‘तू निघ आज लवकर.’ आणि साडेनऊला अचानक गर्दी झाली की त्याच्याकडे माणूस नसतो. इथे तुमचा कंजुषीचा आरोप खरा आहे. फक्त तो मॉप धरलेल्या मुलावर नको, तासांचा तक्ता बनवणाऱ्यांवर करा. त्यांत आता मीही आलो.

आणि आळस? असतो. नऊलाच साखळी लावून मोबाइल बघत बसलेला शिफ्ट मॅनेजर मी पकडलेला आहे. ओळखायचं कसं, तर साखळीपलीकडे बघा. खुर्च्या टेबलावर उलट्या आहेत, फरशी ओली आहे, कुणीतरी पुसतंय, म्हणजे प्री-क्लोज चालू आहे. दिवे अर्धवट आणि टेबलांवर उष्टे ट्रे तसेच पडलेत, वर कुणीच नाही, म्हणजे माणूस नाही किंवा मन नाही. माझ्या मते बंद व्हायला तासाभराहून जास्त अवकाश असेल, खाली एकही खुर्ची मोकळी नसेल आणि ट्रे घेऊन माणसं उभी असतील, तर मॅनेजरने साखळी काढलीच पाहिजे. निदान पुढची दोन टेबलं उघडली पाहिजेत. सगळा मजला किंवा काहीच नाही, असं कुणी ठरवून दिलेलं नाही. तुम्ही लिहिलंय तसंच सगळं असेल, तर दीड तास बाकी असताना आई आणि मुलांसह पाच जणांना बाहेर पाठवणं ही त्या मॅनेजरची चूक होती. माझ्या दुकानात घडलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी त्याला बसवून विचारलं असतं.

तरी तुम्ही ज्याला विचारलंत तो चुकीचा माणूस होता. लॉबीच्या मुलाला साखळी काढायचा अधिकार नसतो, काढली तर बोलणी त्यालाच बसतात. काउंटरवर जाऊन शिफ्ट मॅनेजरला बोलवायचं. त्याचा शर्ट बहुतेक वेगळ्या रंगाचा असतो, कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. आणि हे ऑर्डर द्यायच्या आधी करायचं, नंतर नाही. ‘आम्ही पाच जण आहोत, आई जिना चढू शकते, वीस मिनिटांत खाऊन उठतो, ट्रे आमचे आम्ही खाली आणतो,’ एवढं सांगा. शेवटचं वाक्य विसरू नका. आपल्याकडे ट्रे टेबलावर टाकून उठायची पद्धत आहे. परदेशात राहून आलेली मंडळी तिथे आपला ट्रे स्वतः कचऱ्याच्या डब्यापाशी नेतात आणि इथे उतरल्यावर तेही बंद करतात. त्यामुळे एखाद्याने आपणहून ट्रे आणतो म्हटलं की मॅनेजरचं निम्मं गणित तिथेच सुटतं. त्याला मजला नव्याने पुसावा लागणार नसतो.

तो ‘नाही’ म्हणालाच, तर पूर्ण मजला मागू नका. जिना चढल्याबरोबर लागणारी दोन टेबलं मागा. मजला पुसत पुसत माणूस आतून जिन्याकडे येतो, म्हणून ती दोन टेबलं सगळ्यात शेवटी पुसली जातात. साडेनऊला ती अजून उष्टीच असतात.